चुलीत राख कुठाय?

रत्नागिरी जिल्ह्यातलं एक स्मारकघर. डिसेंबरातली दुपार. कुठल्याशा गावाहून आलेल्या महिला मंडळातली एक आजी स्वयंपाकघरात शिरली आणि चुलीपुढे उकिडवी बसली. बाकीच्या बायका माजघरात फोटो काढत होत्या. आजीने फुंकणी उचलली, एका तोंडाला डोळा लावून आरपार बघितलं, परत जागच्या जागी ठेवली. वैलावरचं तपेलं जरा हलवून पाहिलं. मग चुलीच्या तोंडात हात घातला आणि बोटं बाहेर काढून उजेडात धरली. स्वच्छ. "काय गो बाय, चुलीत राख नाय ती कशी?" देखरेखीला असलेली मुलगी म्हणाली, "आजी, ही नुसती बघायला ठेवल्येय. पेटवत नाही." आजी गुडघ्यावर हात देऊन उठली. "मंग ह्याला घर कशाला म्हणताव?" असं म्हणून ती बाकीच्यांच्या मागे निघूनही गेली. ‘वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी सगळा वेळ तिच्या डोक्यावर टांगलेली होती.

तो प्रश्न काही टोचून विचारलेला नव्हता. वाण्याच्या दुकानात तराजू दिसला नाही तर गिऱ्हाईक जसं विचारेल, तितक्या सरळपणे विचारला होता. पण घराचं संग्रहालय सांभाळणाऱ्या माणसाला तो झटकून टाकता येत नाही, कारण त्याचं रोजचं सगळं काम याच कात्रीत चाललेलं असतं. घराला जे मानवतं ते वस्तूंना मानवत नाही. घराला धूर लागतो, माणसांचा वावर लागतो, उघड्या खिडक्या लागतात, आठवड्याला सारवण लागतं, कडीकोयंड्याला तेलाचं बोट लागतं. वस्तूला अंधार हवा, कोरडी हवा हवी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुणी हात लावायला नको. नुसतं घर असतं तर राहिलो असतो. नुसतं संग्रहालय असतं तर सगळं काचेत घातलं असतं. दोन्ही एकाच छपराखाली आलं की रोज सकाळी एकाचं ऐकायचं आणि दुसऱ्याची समजूत काढायची.

आपल्याकडे अशी छोटी स्मारकघरं पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाने या भांडणावर आपापला तोडगा काढलेला दिसतो. मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात उतरत असत. तिथली त्यांची खोली काचेपलीकडे आहे. बैठक, चरखे, सगळं आहे तसं, आणि आपण अलीकडे. प्रश्न मिटला. पुण्यातल्या फुले वाड्यात अंगणात जोतीरावांच्या अस्थींवर तुळशीवृंदावन आहे. तिथे येणारा माणूस पाहुणा म्हणून येत नाही, माथा टेकायला येतो. त्याला ‘हात लावू नये’ कोण सांगणार आणि का सांगावं? कोकणातली घरं या दोन्हींच्या मधे कुठेतरी लोंबकळतात. मालगुंडला केशवसुतांचं घर, रत्नागिरीत टिळक आळीतलं टिळकांचं जन्मस्थान. इथे येणाऱ्या माणसाने असंच घर कुठेतरी पाहिलेलं असतं. ओटी ओलांडून आत आल्याबरोबर तो स्मारक विसरतो आणि आजोळ शोधायला लागतो. झोपाळ्यावर बसतो. जात्याचा खुंटा धरून एक फेरा फिरवतोच. धान्य नसताना जातं फिरवलं की दगडावर दगड घासतो, टाकी लावलेले दात झिजतात. हे सांगेपर्यंत दुसरा फेरा झालेला असतो. उपाय फार साधा आहे: वरची तळी आणि खालची तळी यांच्या मधे पातळ पुठ्ठ्याची चकती घालून ठेवायची. जातं फिरतं, आवाज येत नाही, आणि फिरवणाऱ्याची हौस आपोआप संपते.

सकाळी कुलूप काढल्यावर लगेच झाडू हातात घ्यायचा नसतो. आधी हात मागे बांधून एक फेरी मारायची आणि रात्रीत काय काय पडलं ते बघायचं. हे ज्याला जमलं त्याला निम्मं काम जमलं. जमिनीवरच्या लेंड्यासुद्धा बोलतात. टोकाला पांढरा ठिपका असेल तर पाल. चिमटीत सहज चुरून भुगा झाला आणि त्यात किड्यांच्या पंखांची चमक दिसली तर वटवाघूळ, म्हणजे माळ्यावर कुठेतरी फट पडली आहे. कडक राहिली तर उंदीर, म्हणजे आज कापडाची पेटी उघडून बघायला हवी. भिंतीच्या कडेला तांबडी माती सांडलेली दिसली तर नजर वर न्यायची. वाळवीची नळी तिथे चढत असते. नळी नुसती झाडून टाकू नये. मधला बोटभर तुकडा खरवडायचा, शेजारी पेन्सिलीने तारीख घालायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. तुकडा परत बांधलेला असेल तर आत फौज जिवंत आहे. झाडून टाकली की पुरावा जातो, वाळवी जात नाही.

लाकडाखाली पडलेल्या पिठाचंही तसंच. देवघराच्या चौकटीखाली, पाटाच्या पायाशी, जुन्या फडताळाच्या कोपऱ्यात भाजणीसारखं बारीक पीठ साचलेलं दिसतं. भुंगा लागला म्हणून घाबरायचं कारण नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. जुन्या लाकडातल्या रिकाम्या भोकांतून वर्षानुवर्षांचं जुनं पीठ नुसत्या हादऱ्यानेही गळतं. वरच्या खोलीत शाळेची सहल नाचून गेली की दुसऱ्या दिवशी हमखास. म्हणून वस्तूखाली काळा कागद ठेवायचा, त्यावर तारीख लिहायची, चार दिवस वस्तू हलवायची नाही. कागदावर पुन्हा ताजं, फिकट, हलकं पीठ पडलं तर किडा आत आहे. वस्तू लहान असेल, म्हणजे पळी, रवी, पोळपाट वगैरे, तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, तोंड चिकटपट्टीने बंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवायची. उणे २० अंशाला एक आठवडा पुरतो, घरगुती फ्रीझर असेल तर दोन आठवडे ठेवावी. चूक होते ती बाहेर काढताना. उत्साहाच्या भरात पिशवी लगेच उघडली की कोकणातली हवा त्या गार लाकडावर पाणी होऊन बसते आणि आठवडाभरात बुरशी येते. पिशवी बंद ठेवूनच २४ तास बाहेर ठेवायची, मग उघडायची. मोठ्या वस्तूला हा इलाज नाही. तिथे इंजेक्शनच्या सुईने एकेका भोकात औषध सोडायचं आणि नंतर भोक मेणाने बुजवायचं. बुजवल्याचा फायदा असा की पुढच्या वर्षी नवीन भोक पडलं तर ते नवीन आहे हे कळतं.

झाडलोट संध्याकाळी, पुसापुशी सकाळी. हा क्रम उलटा केला की दिवसभराचं काम फुकट. कोरडा झाडू मारला की धूळ उठते, आणि तास-दोन तासांनी ती आपण नुकत्याच पुसलेल्या समईवर येऊन बसते. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर झाडावं, रात्रभर धूळ बसू द्यावी, सकाळी वरून खाली या क्रमाने वस्तूंवरून मऊ ब्रश फिरवावा. दाढीचा ब्रश याला उत्तम. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी, नळीच्या तोंडाला मलमलीचा तुकडा रबराने बांधलेला. मलमल नसेल तर एखाद्या दिवशी टोपलीचा निघालेला बंद किंवा पगडीची जर सरळ नळीत जाते आणि मग पिशवी उसवून शोधत बसावं लागतं. हिराची केरसुणी अंगणापुरती. घरात आणली की सारवणावर ओरखडे काढते.

पितळेची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी.

येणाऱ्या दहा बायकांतल्या सात जणी म्हणतात, भांडी किती काळी पडलीत, चिंच लावा की! कल्हई करा हो, असंही एखादे आजोबा सांगून जातात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबर आहे. ज्या भांड्यात आमटी उकळायची नाही, दूध तापवायचं नाही, त्याला कल्हई कशाला, हा विचार घरातल्या माणसाला सुचत नाही, कारण त्याने वापराशिवाय भांडं पाहिलेलंच नसतं. पण चिंच, लिंबू, बाजारातली पावडर यांतलं आम्ल काळपटपणाबरोबर धातूचाही पापुद्रा नेतं. पितळेत तांबं आणि जस्त असतं, त्यातलं जस्त आधी निघून जातं, आणि सतत आंबट लावत राहिलं तर भांड्यावर गुलाबी-तांबूस डाग पडतात. ते डाग मग कशानेही जात नाहीत. याहून वाईट म्हणजे नाव पुसतं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे. कासाराकडे बसून, छोट्या छिन्नीने टिंब टिंब ठोकून घातलेलं नाव. एखाद्या तांब्याच्या गळ्याखाली बोट फिरवलं तर आधी बोटाला लागतं, मग तिरप्या उजेडात डोळ्याला दिसतं: ‘चि. सौ.’ एवढी अक्षरं ठळक, पुढचं नाव अर्धं, गावाचं पहिलं अक्षर, आणि मग गुळगुळीत पितळ. कुणी दिलं, कुणाला दिलं, कोणत्या लग्नात दिलं, हे सगळं दर दिवाळीला चिंचेबरोबर थोडं थोडं मोरीतून वाहून गेलेलं असतं. भांडं घासणारणीने आपलंच नाव घासून टाकलं म्हणा ना. संग्रहालयात हे थांबवता येतं. नुसता कोरडा सुती कपडा, आणि फार तर वर्षातून एकदा खडूची वस्त्रगाळ पूड स्पिरिटमध्ये कालवून कापसाने हलक्या हाताने. नावाच्या जागी तेही नाही. भांडं उचलायचं ते दोन्ही हातांनी, तळाला एक हात देऊन. कान असले तरी कानाला धरून उचलू नये. कान डाग लावून, म्हणजे धातू वितळवून सांधून, जोडलेले असतात, आणि तो सांधा आधी दगा देतो.

तेव्हा काळी भांडी हा आळस नाही. पण हे प्रत्येकीला समजावत बसलं तर आजीच्या मागची रांग ओटीपर्यंत जाते.

आता धुराकडे यायला हरकत नाही. कोकणातल्या जुन्या सुताराला छपराच्या दुरुस्तीला बोलावलं की तो आधी स्वयंपाकघराच्या वर चढतो. तिथले वासे, रिपा, आढं सगळं काजळीने काळंकुट्ट आणि बहुधा धडधाकट असतं. वाश्यावर कोयत्याची मूठ आपटली की खणखणीत आवाज येतो. ओटीवरचा नाहीतर माजघरावरचा वासा आपटला तर बद्द वाजतो. एकाच जंगलातलं लाकूड, एकाच साली चढवलेलं. फरक फक्त चुलीचा. रोज दोन वेळा ऊब आणि धूर कौलांखालून हिंडत होता, लाकूड कोरडं ठेवत होता, किड्याला बसू देत नव्हता. शिंकाळ्यावर टांगलेलं बियाणं, मक्याची कणसं, वरच्या माळ्यावरची सुपं-परड्या यांनाही तोच राखत होता. ज्या दिवशी घराचं स्मारक झालं त्या दिवशी चूल विझली, आणि छपराला जो फुकटातला पहारेकरी होता तो गेला. आता त्याचं काम औषधफवारणी करते, दर वर्षी, पैसे मोजून, आणि निम्म्याने.

मग पेटवावी का चूल? नाही पेटवता येत. वर जुनं लाकूड, भिंतीतून नेलेली वीज, माजघरात कागद, पेटीत कापड. शिवाय तोच धूर कागदावर आणि कापडावर तेलकट थर धरतो, त्यावर धूळ चिकटते. देवघरातल्या तसबिरींच्या काचा दर आठवड्याला पुसणाऱ्याला विचारा, एका उदबत्तीने काय होतं ते. घराचं औषध तेच वस्तूंचं विष. आजीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच होतं, पण देखरेखीच्या मुलीकडे एवढा वेळ नव्हता आणि आजीकडेही.

जमीन आणि भिंतींनाही हाच न्याय. सारवलेली जमीन पाहुण्यांना फार आवडते. चप्पल काढून आत आलेला माणूस गार जमिनीवर पाऊल टेकवताच आवाज खाली आणतो, हे नेहमी दिसतं. पण सारवण हे काही एकदा करून टाकायचं काम नव्हे. घरातल्या सहा-सात माणसांच्या वावराला आठवड्याचं सारवण पुरत होतं. डिसेंबरात दिवसाला दोनशे शाळकरी पावलं त्यावरून गेली की उंबरठ्यापाशी दोन दिवसांत पोपडे निघतात. ते उडून धूळ होतात, धूळ वस्तूंवर. पुन्हा सारवायचं तर सगळ्या वस्तू हलवायच्या, शेण ताजं मिळवायचं आणि ते मिळवायला आता वाडीत गुरं कुणाकडे आहेत याची चौकशी करायची, त्यात माती किती, पाणी किती हे हाताला कळणारी बाई शोधायची. थंडीत तीन-चार तासांत वाळतं, पावसात दोन दिवस वाळत नाही आणि तोवर खोलीतला दमटपणा वाढलेला. म्हणून कंटाळून कुणीतरी ठराव करतं: फरशी घाला. फरशी घातली की मातीतली ओल, जी इतकी वर्षं जमिनीतून हळूहळू हवेत जात होती, ती वाट शोधत भिंतीच्या पायथ्याशी जाते आणि चिऱ्यातून वर चढते. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत टणक होतो, पण आतून भोकाभोकांचा असतो, पाणी पितो आणि परत सोडतो. त्याला श्वास घेऊ दिला तर काही बिघडत नाही. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार घेऊन बाहेर येते, लोणा फुटतो आणि एका पावसाळ्यानंतर गिलावा फुगून ताटाएवढे पापुद्रे पडतात. मग लोक म्हणतात, भिंतच खराब आहे, अजून सिमेंट मारा. इलाज जुनाच आहे: सिमेंट काढायचं, भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू द्यायची, आणि चुन्याचा गिलावा करायचा. चुना निदान तीन-चार आठवडे पाण्यात मुरवलेला, एकाला तीन वाळू, हिरड्याचं आणि गुळाचं पाणी, पातळ थर, आणि नंतर काही दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहायचं. गडबडीचं काम नाही. गडबड मात्र नेहमी असते, कारण निधी मार्चअखेर खर्ची पडायला हवा असतो आणि पाऊस जूनमध्ये येतो.

पाऊस हा तर वेगळाच मुक्काम. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मे महिन्यात कौलं उतरवून, घासून, फुटकी बाजूला काढून परत बसवायची. हे काम करताना एकदा तरी कौल उलटं करून बघावं. पाठीवर कारखान्याचा छाप असतो. मंगळूरला बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, आणि पुढे ही कौलं गलबतांतून किनाऱ्याला लागली. म्हणजे १८५६ साली रत्नागिरीत टिळक जन्मले तेव्हा मंगलोरी कौल इकडे कुणाच्याच घरावर नव्हतं. एक तर हाताने थापलेले नळे, नाहीतर गवत. आज अशा घरांवर जे लाल, चौकोनी, एकसारखं कौल आपल्याला ‘जुन्या कोकणाचं’ वाटतं, ते त्या काळच्या माणसाला नवंकोरं परदेशी वाटलं असतं. पाटीवर ‘तत्कालीन’ लिहायच्या आधी हे आठवलेलं बरं.

‘तत्कालीन’ हा शब्द म्हणजे घर-संग्रहालयाची लंगोटी आहे. खरं सांगायचं तर फार थोड्या घरांत मूळ माणसाच्या वापरातल्या वस्तू शिल्लक असतात. घर विकलं गेलेलं असतं, वाटण्या झालेल्या असतात, भांडी मोडीत गेलेली असतात. स्मारक करायचं ठरल्यावर आसपासच्या गावांतून लोक आपणहून आणून देतात: कुणी घंगाळ, कुणी काथवट, कुणी रवीचा खांब. त्यात गैर काही नाही. गैर होतं ते पुढे. पाहुणा विचारतो, "हे त्यांचंच का हो?" आणि सांगणारा त्याचा चेहरा बघून "हो" म्हणून टाकतो. पाटीवर तीनच प्रकारे लिहावं: ‘वापरातील’, ‘घरातील’, ‘परिसरातून मिळालेले’. आणि वस्तू आली त्याच दिवशी देणाऱ्याकडून दानपत्र, ती कुणी, कुठे, कशासाठी वापरली याच्या चार ओळी, आणि दाखल क्रमांक. आधी वर्ष, मग त्या वर्षातलं कितवं दान, मग त्या दानातली कितवी वस्तू. क्रमांक वस्तूवर सरळ शाईने लिहायचा नाही. तळाशी, न दिसणाऱ्या जागी, आधी पारदर्शक लाखेसारख्या द्रवाचा नखाएवढा पट्टा, तो वाळला की त्यावर अंक, त्यावर पुन्हा एक पट्टा. कापडाला सुती फितीवर लिहून दोन टाके. हे ‘उद्या करू’ म्हणून राहिलं की पाच वर्षांनी तीन सारखी तपेली समोर येतात आणि कुठलं कुणाचं हे सांगणारा माणूस गेलेला असतो.

पावसात आतला आर्द्रतेचा काटा महिनोन्‌महिने ८५ टक्क्यांच्या वर असतो, आणि बुरशीला ६५-७० टक्के पुरतं. हवेतली ओल शोषणारं यंत्र लावा असं शहरातून आलेले सल्लागार सांगतात. कौलांच्या प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत येत असताना ते यंत्र म्हणजे समुद्र उपसायला लावलेला पंप. टाकी दिवसाला चार वेळा भरते, काटा हलत नाही. घर कोरडं करायचा नाद सोडावा आणि पेटी कोरडी करावी. कागद आणि कापड घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या. दाण्यांचा रंग पालटला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास भाजून परत घालायचे. हे काम पावसाळाभर दर पंधरवड्याला, विसरून चालत नाही. बाकीचं घर झापं लावून वाऱ्याच्या झडीपासून वाचवायचं, आतून हवा खेळती ठेवायची, आणि भिंतीपासून प्रत्येक वस्तू निदान चार बोटं लांब. लाकडाला वापरलेल्या धोतराचा मऊ कपडा रोज फिरवायचा. बुरशीला दुसरं काही आवडत नाही, न हलवलेली वस्तू आवडते. घरात राहणारी माणसं नकळत हेच करत होती.

उजेडाचंही एक आहे. कापड-कागदाला ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड नको असं शास्त्र सांगतं. पडवीची एक झडप उघडली की काही हजार येतो. मग पाहुणे म्हणतात, किती काळोख केलाय. डोळ्यांना सवय व्हायला पाच-सात मिनिटं लागतात, म्हणून ओटीवर उजेड, माजघरात कमी, आतल्या खोलीत अगदी मंद, असं पायरीपायरीने नेलं तर कुणी तक्रार करत नाही. गंमत म्हणजे जुन्या घरांची रचना मुळातच तशी होती.

जयंती-पुण्यतिथीला मात्र सगळी शिस्त एका दिवसापुरती वाहून जाते. गावातली माणसं येतात, हार आणतात, ओला झेंडूचा. तो तसबिरीला घातला की पाणी चौकटीच्या वरच्या फटीतून काचेमागे उतरतं आणि फोटोच्या कपाळावर तपकिरी ओघळ कायमचा. हार घालू नका, असं सांगणं म्हणजे भांडण. म्हणून मूळ तसबीर आदल्या दिवशी संध्याकाळी आत न्यायची आणि तिच्या जागी नक्कल टांगायची. समई जमिनीवर नव्हे, पितळी परातीत. हळदकुंकू पाटावर ठेवलेल्या केळीच्या पानावर. कुणाच्या भावनेला धक्का नाही आणि सकाळी उंबरठ्यावरून कुंकू खरवडायला नको. दुसऱ्या दिवशी मूळ तसबीर परत जागेवर येते. नकलेवरचे कुंकवाचे डाग मात्र तसेच ठेवतात. काही वर्षांनी नक्कलच जास्त खरी दिसायला लागते.

हे सगळं असं असताना, आजी येऊन गेल्यानंतर पंधरा दिवसांनी त्या घरातल्या चुलीत राख आली. शेजारच्या घरी न्हाणीचं पाणी अजून लाकडावरच तापतं, तिथून सूपभर. आधी चाळणीने चाळली, कोळशाचे खडे काढले, एक दिवस उन्हात पसरली, म्हणजे तिच्याबरोबर किडा-मुंगी येऊ नये. चुलीच्या तळाला आधी मातीची जुनी, फुटकी थाळी, तिच्यात राख, म्हणजे चुलीच्या मातीला लागू नये, कारण राख ओल ओढून घेते. नोंदवहीत ती कुठे लिहायची यावर थोडी चर्चा झाली. वस्तू नाही, दान नाही, दाखल क्रमांक देता येत नाही. शेवटी ‘मांडणीचे साहित्य’ या रकान्यात, पुठ्ठ्याच्या चकत्या आणि खिळ्यांच्या खाली, ‘राख, एक सूप’ अशी ओळ पडली.

आठ दिवसांनी सकाळच्या फेरीत राखेला मधोमध खड्डा दिसला, वाटीसारखा गोल. चुलीच्या तोंडापासून करड्या पावलांची रांग निघून सारवणावरून मागल्या खिडकीपर्यंत गेली होती, खिडकीखाली जरा दाट, उडी मारायच्या आधी थांबल्यासारखी. चुलीत मांजर व्यालं म्हणायची वेळ नव्हती एवढंच. मांजराचे केस कापडाच्या पेटीला घातक, केसांवर कसर वाढते, तेव्हा त्याच दुपारी सुतार येऊन खिडकीला बारीक जाळी मारून गेला. पावलं संध्याकाळच्या झाडलोटीपर्यंत तशीच होती. त्या दिवशी सहल होती, चाळीस चाळीसच्या तीन तुकड्या. मुलं रांगेने आली, खाली बघत, पावलं चुकवत, भिंतीच्या कडेकडेने गेली, आणि जात्याला कुणी हात लावला नाही.

राख पुन्हा चाळून घातली.